खिंडीतली वाटखूण

फार पूर्वी शालवती नगरीत देवमित्र नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी हिमवंताच्या एका आडबाजूच्या खोऱ्यात वाटाड्याच्या घरी जन्म घेतला. त्यांचे नाव भद्रक. खालच्या देशातून कुणी डोंगर पाहायला आले की त्यांना खिंडीपर्यंत न्यायचे आणि सुखरूप परत आणायचे, हा त्यांच्या कुळाचा पिढीजात धंदा होता.

दुरून डोंगर साजरे असे मैदानातले लोक म्हणतात, आणि तरीही ते जवळून पाहायला येतात. तिथे काय काय करायचे हेही त्यांचे ठरलेले असे. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचे. दोरांच्या पुलावरून देवाचे नाव घेत जायचे, आणि पलीकडे पोचल्यावर आपण मुळीच भ्यालो नव्हतो असे सांगायचे. धनगरांच्या दगडी खोपटात सातूची पेज प्यायची, कड्यासमोर उभे राहून हाक मारायची. भद्रक हे सगळे त्यांच्याकडून हौसेने करून घेत. एकाच बाबतीत ते फार कडक होते.

खिंडीच्या वरच्या अंगाला वाट अशी नव्हतीच. नुसता बर्फ आणि खडक. तिथे जागोजाग दगडांच्या राशी रचलेल्या होत्या. पलीकडच्या खोऱ्यातून मेंढ्यांच्या पाठीवर मीठ लादून येणारे धनगर धुक्यात या राशीवरून त्या राशीकडे चालत येत. येणाऱ्या-जाणाऱ्याने राशीवर एक दगड ठेवायचा, म्हणजे ती बर्फात बुडत नाही, एवढीच तिथली रीत. पाहुण्यांना मात्र वाटे की या राशी कुणाच्या तरी आठवणीसाठी आहेत. मग जिथून देखावा चांगला दिसेल तिथे तेही आपल्या माणसाच्या नावाने एखादी रास रचून ठेवत. भद्रक ती तिथल्या तिथे मोडायला लावत.

एका उन्हाळ्यात राजा देवमित्र स्वतःच डोंगर पाहायला आला. निदान त्याने अमात्यांना तसे सांगितले होते. खरे कारण वेगळे होते. त्याची एकुलती एक मुलगी विपुला खिंडीपलीकडच्या राजाला दिलेली होती. दोन राज्यांचे जुने वैर त्या लग्नाने मिटले, पण तह असा झाला होता की एका बाजूच्या राजघराण्याने दुसऱ्या बाजूला पाऊल टाकायचे नाही. विपुलेलाही माहेर बंद झाले. निरोपाच्या वेळी राजाने तिला "दिल्या घरी सुखी राहा" म्हटले आणि तोंड फिरवले. तेव्हापासून त्या फिरवलेल्या तोंडाची त्याला लाज वाटत होती.

वाटेत राजाने सगळे काही केले. कुंडात पाय बुडवले, पूल ओलांडला, पेज प्याला. पण डोंगरांकडे त्याचे लक्ष नव्हते. कुठलेही शिखर दाखवले की तो विचारायचा, "याच्या मागे काय आहे?"

खिंडीत पोचले तेव्हा दिवस कलला होता. उतरणीवरचा बर्फ पाहायला भद्रक पुढे गेले, आणि तेवढ्यात राजा सेवकांना घेऊन डावीकडच्या खडकाच्या टोकावर गेला. तिथून पलीकडचे खोरे उघडे दिसत होते. खाली कड्याला तळ नव्हता. सेवकांनी दगड आणले, राजाने ते आपल्या हातांनी रचले. विपुला लहानपणी बागेतल्या ज्या पांढऱ्या दगडावर बसे त्याचा एक तुकडा राजाने शालवतीहून कमरेला बांधून आणला होता. तो त्याने अगदी वर ठेवला. रास पुरुषभर उंच झाली, आजूबाजूच्या खऱ्या राशींपेक्षाही उंच.

भद्रक परत आले आणि पाहतच राहिले. मग हात जोडून म्हणाले, "महाराज, ही रास मोडावी लागेल."

"ती माझ्या मुलीसाठी आहे," राजा म्हणाला. "ती इथे येऊ शकत नाही, मी तिथे जाऊ शकत नाही. तिच्या खोऱ्याकडे तोंड करून एवढी एक खूण राहू दे."

भद्रकांनी खाली बोट दाखवले. पलीकडच्या खोऱ्याच्या तोंडाशी धुराची बारीक रेघ दिसत होती. "मिठाचा तांडा आहे तो, महाराज. ऊन बर्फाला लागायच्या आत, पहाटेच्या धुक्यात ते लोक चढतात. त्यांना दगडांची रास दिसली की ते सरळ तिच्याकडे येणार."

"मग तू इथे उभा राहा आणि त्यांना सांग."

"आज राहीन. पुढच्या वर्षी कोण राहील?"

"तूच राहा!" राजाचा आवाज चढला. "हे अख्खे खोरे मी तुला इनाम देतो. घर बांधून देतो. तुझ्या मुलाबाळांनी पिढ्यान्‌पिढ्या ही रास राखावी, दुसरे काही करू नये."

सेवकांनी एकमेकांकडे पाहिले. असे नशीब कुणाचे फळफळते! पण भद्रक म्हणाले, "मला मूलबाळ नाही, महाराज. बायको होती. सोमा तिचे नाव. पलीकडे तिचे माहेर. माहेरपण करून ती मिठाच्या तांड्याबरोबर परत येत होती, धुक्यात सगळ्यांच्या पुढे चालत होती. कुणा हौशी पाहुण्याने इथेच, याच टोकावर एक रास रचलेली होती. चांगल्या मनाने रचली होती बिचाऱ्याने."

राजाने कड्याखाली वाकून पाहिले.

"ती रास मी मोडली," भद्रक पुढे म्हणाले. "त्या दिवशी तिच्यासाठी इथे एक दगड ठेवावा असे फार मनात आले. उचललाही होता. ठेवला नाही."

"तुला तिची आठवण येत नाही?"

"रोज येते. या टोकावरून जाताना पाय जड होतात. पण माझ्या आठवणीकडे बघून दुसऱ्या कुणाच्या बायकोने पाऊल टाकायला नको."

राजा बराच वेळ त्या खोऱ्याकडे पाहत राहिला. ऊन शिखरांवरून उतरत होते, आणि कुठले घर विपुलेचे हे काही केल्या ओळखू येत नव्हते. सेवक पुढे झाले तेव्हा त्याने त्यांना थांबवले. एकेक दगड त्याने स्वतःच काढून टाकला. पांढरा तुकडा हातात घेऊन तो खडकावरून मागे आला आणि वाटेवरच्या राशीवर, इतर दगडांमध्ये, त्याने तो ठेवून दिला. त्याला रडू आले, आणि ते त्याने लपवले नाही.

रात्र खिंडीलगतच्या धनगरांच्या खोपटात काढली, आणि पहाटे डोंगराने धुके ओढून घेतले. दहा पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते. भद्रक खिंडीत जाऊन उभे राहिले होते. राजाही घोंगडी पांघरून त्यांच्या शेजारी आला. मग मेंढ्यांच्या घंटा ऐकू आल्या, आधी बारीक, मग जवळ. एका राशीपाशी थांबत, पुढची शोधत, तांडा वर आला. सगळ्यांच्या पुढे लोमा नावाचा म्हातारा धनगर होता.

"हा पांढरा दगड कुणी ठेवला रे?" त्याने विचारले. "बरे झाले. धुक्यात राशीच्या आधी तोच दिसला."

राजाने त्याला बसवले, पेज दिली. "पलीकडच्या राजाच्या घरची विपुला," तो म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे?"

"धाकट्या राणीसाहेब? न माहीत असायला काय झाले! दर वर्षी आमचा तांडा निघाला की वेशीपर्यंत चालत येतात."

"सुखात आहे?"

म्हाताऱ्याने पेजेचा घोट घेतला. खोटे बोलायची त्याला सवय नव्हती. "घर चांगले आहे. मुलगा झालाय. नवरा जीव लावतो. पण आम्ही परतलो की पहिला प्रश्न तोच. 'लोमाबाबा, खिंडीतून खालचा देश दिसतो का?' आम्ही म्हणतो, धुके असते हो बाईसाहेब, काही दिसत नाही. मग एवढेसे तोंड करून आत जातात."

राजाने दोन्ही हातांनी म्हाताऱ्याचे हात धरले. "मी तिचा बाप," तो म्हणाला.

लोमाने त्याच्याकडे नीट निरखून पाहिले. घोंगडी, सुजलेले डोळे, पिकलेली दाढी.

"मग यंदा सांगतो," तो म्हणाला. "धुके होते, बाईसाहेब, पण तुमचे वडील दिसले."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वांनी, विहारातल्या उत्तिय नावाच्या भिक्षूला सांगितली. त्याची म्हातारी आई दूर गावी होती, आणि तिच्या आठवणीने त्याचे जेवणाखाणावरचे मन उडाले होते. शास्ते त्याला रागे भरले नाहीत. ते म्हणाले, "उत्तिया, तेव्हाचा राजा देवमित्र तूच होतास. विपुला आज तुझी आई आहे. परवा तिच्या गावाहून येऊन तिची खुशाली तुला सांगणारा स्थविर तेव्हा लोमा होता. आणि वाटाड्या भद्रक मीच होतो. त्या जन्मी माझीही ओढ सुटली नव्हती, पण तिच्यापायी मी कुणाची वाट चुकू दिली नाही."

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी पाळलेला गुण तो हाच. त्याला करुणा म्हणतात.