सगळ्यात जुनं कोण?

फार मागे, इटलीतल्या एका जुन्या गावात, हमरस्त्यावरच्या कारंज्याशी पाणी पिताना कबुतरीने दोन कारागिरांचं बोलणं ऐकलं. "या रस्त्यावरचं सगळ्यात जुनं जे आहे, ते उद्या खाली उतरवायचं, म्हणजे..." तेवढ्यात घोडागाडी खडखडत गेली आणि पुढचं राहूनच गेलं.

कबुतरीने तेवढंच गावभर केलं. त्या रस्त्यावरच्या पिवळ्या महालाला वाटलं, उतरवायचं म्हणजे पाडायचंच! आपणच सगळ्यात जुने, हे तो समोरच्या लाल महालाला रोज ऐकवायचा. आता म्हणाला, "छे हो, मी तर कालचं पोर! जुने तुम्ही."

"मी? अहो, काल तर मला नातू म्हणत होतात!"

वाद इतका पेटला, की आपलं खरं वय दोघांनाही आठवेना. शेवटी रस्त्याच्या टोकाचा घड्याळाचा मनोरा म्हणाला, "पुरे रे पोरांनो. मीच सगळ्यात जुना. नेऊ देत मला."

सकाळी कारागीर खरंच मनोऱ्यावर चढले. पिवळ्या महालाने भीतीने खिडक्या मिटून घेतल्या. उघडून बघतो तर मनोरा जागच्या जागी! त्याच्यातली तडा गेलेली जुनी घंटा तेवढी दुरुस्तीला चालली होती.

"म्हणजे आजोबा, जुने तुम्हीच ना?" त्याने चाचरत विचारलं.

"घंटा जुनी होती बाबा. माझं मला तरी कुठे आठवतंय?"

"मग काल तसं म्हणालात कशाला?"

"कुणीतरी म्हणायला हवं होतं ना!"

पिवळा महाल अजून विचारातच आहे.