चौकटीतलं वॉरंटी कार्ड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. यंत्र हिरवं होतं की लाल, हे आता खात्रीनं सांगता येत नाही. सबनीसकाकांनी गवत कापायचं यंत्र आणलं आणि त्याचं वॉरंटी कार्ड चौकटीत घालून भिंतीवर लावलं. यंत्राच्या पात्याला मात्र ओलं गवत चिकटून गंज चढू लागला.

"घाबरतोस काय? मी आहे ना!" कार्ड वरून म्हणालं.

"तुमचं ठीक आहे, कार्डराव. भंगारात जायचंय ते मला!" असं म्हणून यंत्र अडून बसलं. पातं पुसून तेल दिल्याशिवाय ते सुरूच होईना. काका कुरकुरत दर खेपेला पुसू लागले.

बारा वर्षांनी चौकट पडून फुटली, तेव्हाही यंत्र अंगणात गवत कापत होतं. काकांनी कार्ड प्रथमच उलटून पाहिलं. मागे छापलं होतं: 'पाते साफ न ठेवल्यास वॉरंटी रद्द.'