दोन बांबूंमधली येसू

तुंगगडच्या राजाने दवंडी पिटवली, की आजपासून विजेची स्कूटर फक्त मोठ्या माणसालाच विकायची!

झालं होतं असं, की दुधाचे दातही पुरते न पडलेला युवराज स्कूटर घेऊन सुसाट सुटला आणि थेट राणीसाहेबांच्या कमळाच्या तळ्यात जाऊन बसला. चुकलं एकाचं, शिक्षा झाली गावाला. आता त्या राजाकडे विजेची स्कूटर कुठून आली म्हणाल, तर गोष्टीतला राजा तो, त्याच्याकडे काय नसतं?

पण मोठं कोण, हे ठरवायचं कसं? तुंगगडात जन्माची तारीख कोण ठेवतंय! कुणी टोळधाडीच्या साली जन्मलेलं, कुणी तांबडी गाय व्याली त्या दिवशी. मग प्रधान आबाजीने गाडीच्या दुकानापुढे, रस्त्यातच दोन खांब रोवून वर आडवा बांबू बांधला. ज्याचं डोकं बांबूला टेकेल तो मोठा. बांबू इतका उंच, की खुद्द आबाजी त्याखालून पागोट्यासकट निघून जाई. पण प्रधानाला कोण विचारणार?

तसा एक बांबू गावात आधीपासून होता. चावडीपुढचा, वेठीचा. त्याला डोकं लागलं, की राजाच्या रस्त्यावर फुकट मुरूम वाहायला जायचं. हा मात्र चांगला ठेंगणा. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली असती, तर तिच्याही डोक्यावर टोपलं आलं असतं.

येसू ही गोदा सुइणीची लेक. वेठीच्या बांबूला तिचं डोकं कधीच लागलं होतं. गोदाचे गुडघे गेलेले. डोंगरावरच्या वाडीतून बोलावणं आलं, की ती काठी टेकत निघे. मागच्या खेपेला ती पोचेपर्यंत बाळंतीण अर्धमेली झाली होती, आणि आता त्याच वाडीत पारूचे दिवस भरत आले होते. येसूने कोंबड्या-करडं विकून गाडीच्या पैशांची सोय केली. दुकानदाराने तिला बांबूखाली उभं केलं. डोकं वीतभर खाली राहिलं.

येसू तडक दरबारात गेली. आईला मागे बसवून वाडीवर न्यायचंय, तळ्यात नाही, असं तिने सांगून पाहिलं. तळ्याचं नाव निघताच राजाचा पारा चढला.

“उद्या सांजेपर्यंत मोठी हो, आणि गाडी ने!” राजा म्हणाला. दरबार खो खो हसला.

“कशी होऊ ते तरी सांगा, महाराज.”

“ते तुझं तू बघ. बांबूला हात लावायचा नाही. पायाखाली पाट नको, दगड नको, टाचा उचलायच्या नाहीत. पाय जमिनीवर, डोकं बांबूला!”

“आणि टेकलं तर?”

“तर गाडी माझ्याकडून बक्षीस. माझा शब्द आहे.”

येसूने मुजरा केला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी वेठीला गेली. राजाच्या स्कूटरवर चिखल उडतो, म्हणून गावातला रस्ता वीतभर उंच करायचा हुकूम होता. कुठून सुरुवात करायची, ते हुकमात नव्हतं. येसू मुकादमाला म्हणाली, “रखमाजीकाका, आज दुकानापासून धरू या का?” रखमाजीची सगळी पोरं गोदाच्याच हातची. त्याने बांबूकडे पाहिलं, येसूकडे पाहिलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाला, “धरा.”

दिवसभर टोपलीमागून टोपली रिकामी झाली, धुमसाने मुरूम ठोकून ठोकून बसवला.

सांजेला राजा युवराजाला घेऊन गंमत बघायला आला. येसू अनवाणी बांबूखाली उभी राहिली. डोकं टेकलं!

“लबाडी!” राजा गरजला. “जमीन उंच केलीस तू!”

“जमीन तुमच्या हुकमाने उंच झाली, महाराज. पाट नाही, दगड नाही, बांबूही होता तिथेच आहे.”

“पण मुरूम टाकला कोणी?”

“मोठ्या माणसांनी. तुमच्याच चावडीच्या बांबूने मोजून घेतलेल्या. त्यांत मीही होते. आता मुरूम वाहायला मी मोठी आणि गाडी मागायला लहान असेन, तर माझ्या टोपलीतला मुरूम मी परत नेते. ही सगळी पोरं आपापला नेतील. रस्ता होता तसा खाली, चिखल होता तसा वर.”

वेठीच्या पोरांनी टोपली उचललीसुद्धा. राजाने आपल्या चकचकीत स्कूटरकडे पाहिलं. तेवढ्यात आबाजी हळूच बांबूखाली जाऊन उभा राहिला. पागोटं टेकलं, आणि तो हरखून म्हणाला, “महाराज, मीसुद्धा मोठा झालो!”

राजाला हसू आवरेना. हसता हसता मिशी ओली झाली. येसूला गाडी मिळाली, वर राजाने चावडीचा बांबू उपटवून त्याची तिच्या आईसाठी काठी करून दिली. यापुढे वेठीलाही दुकानापुढचाच बांबू लागणार, असं राजाने तिथेच सांगून टाकलं.

गोदा काठी आडवी धरून मागे बसली, आणि मायलेकी वाडीच्या वाटेला लागल्या. युवराज अजून बांबूखाली टाचा उंचावून उभा होता. त्याच्यासाठी मुरूम टाकायला मात्र कुणी पुढे आलं नाही.