खाऱ्या टाकीवरचा संशय

एकदा एका व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक मासा मेला. टाकीची देखभाल एका वृद्ध जाणकाराचा शिष्य करीत असे. त्याने काचेच्या नळीत टाकीतले पाणी घेतले, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी हिरवेगार झाले. म्हणजे अमोनिया, माशांना विषच.

शिष्याने पाणी बदलले. पुन्हा हिरवे. तो रोज पाणी बदलू लागला, तरी तेच. मग त्याला मिठाचा संशय आला, मग नळाच्या पाण्याचा, आणि शेवटी माशांना खाणे घालणाऱ्या सुगंधाबाईंचा. संशयाला पाय फुटले की तो बहुधा गरिबाच्याच दारात जाऊन बसतो. "ही बाई नक्की काहीतरी टाकते," असे त्याने व्यापाऱ्याच्या कानावर घातले. व्यापाऱ्याने बाईंना घरी बसवले.

तरीही पाणी हिरवेच, आणि उरलेले मासे तळाशी निपचित! अखेर शिष्याने गुरूंना बोलावले.

गुरूंनी टाकीकडे ढुंकूनही पाहिले नाही. माठातले पाणी पेल्यात घेऊन म्हणाले, "हे तपास."

शिष्याने नेहमीच्या फडक्याने नळी आतूनबाहेरून लख्ख पुसली, थोडे पाणी घेतले, थेंब टाकले. हिरवे! "गुरुजी, इथंही विष! मी म्हणत नव्हतो?"

गुरू पेल्यातले उरलेले पाणी शांतपणे पिऊन गेले. शिष्य पेला हिसकावून घ्यायला धावला.

"घाबरू नकोस. ते फडकं हुंगून बघ."

फडक्याला उग्र वास होता. टाकीच्या काचा ज्या द्रवाने तो चकचकीत करी, त्याचाच. त्या द्रवात अमोनिया होता.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," गुरू म्हणाले. "पहिला मासा म्हातारा होऊन मेला. बाकीचे तुझ्या रोजच्या पाणी बदलण्यानं बेजार झालेत. तू मीठ तपासलंस, नळ तपासलास, माणूससुद्धा तपासलास. तुझी नळी आणि तुझा हात मात्र तुला तपासावासा वाटला नाही. बाळा, प्रत्येक पाणी विषारी दिसू लागलं, की आधी आपलं फडकं हुंगावं."

शिष्य शरमेने लाल झाला. व्यापाऱ्याजवळ त्याने चूक कबूल केली आणि स्वतः जाऊन, हात जोडून, सुगंधाबाईंना परत आणले. हळूहळू मासे पुन्हा हिंडू लागले.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी बाईंनी खाण्याचा डबा हातात घेतला, पण उघडला नाही. त्या शिष्याला म्हणाल्या,

"दादा, तुम्ही इथं उभे राहा. तुमच्या डोळ्यांदेखत घालते."

"बाई, आता कशाला? माझा विश्वास आहे."

"तुमचा असेल," बाई म्हणाल्या.

अजूनही तो येऊन उभा राहिल्याखेरीज त्या डबा उघडत नाहीत.