पानाआडची ऊब

एका डोंगरउतारावर बांबूचं दाट बेट होतं. त्या बेटाच्या बुडाशी बिळात एक उंदरीण राहत असे. तिची सगळी पिल्लं एका हिरव्या चापडा सापाने खाल्ली होती. उरलं होतं एकच. ती बिचारी त्याला पाचोळ्यात दडवी, स्वतःही निपचित पडून राही. तिचा रंग अगदी मातीचा, तरी साप अंधारात बरोबर तिथेच येई. "मेल्याला दिसतं तरी कसं?" असं म्हणून ती रडायची.

जवळच्या ओलाव्यात एक म्हातारा बेडूक होता. तो म्हणाला, "ताई, त्याला तुझ्या रंगाशी काही घेणं नाही. त्याच्या डोळ्याच्या नि नाकपुडीच्या मध्ये एक खळगी आहे, तिला ऊब कळते. मी पडलो गार अंगाचा, म्हणून वाचलो. तू बिळाच्या तोंडाशी सागाचं जाड पान उभं कर. पानापलीकडची ऊब त्याला कळायची नाही. पण पानाला टेकू मात्र नकोस. अंग लागलं की पानच तापतं आणि तुमचा पत्ता सांगतं. पान हललं तर खडा लाव, पाठ लावू नकोस."

उंदरिणीने तसंच केलं. पिल्लाला आतल्या कोपऱ्यात बसवलं. तिन्हीसांजेला साप आला, पानासमोर डोकं फिरवत थांबला. त्याला काहीच कळलं नाही. तेवढ्यात वारा सुटला आणि पान डुलू लागलं. खडा तिच्या पायाशीच होता, मुलांनो. पण मागे पिल्लू थरथरत होतं, आणि आईला खडा कुठला आठवायला. तिने पानाला पाठ लावली आणि घट्ट रेटून धरलं. पान हळूहळू तापलं. बाहेर सापाला गार पानावर एक उबदार पाठ उमटलेली दिसली आणि त्याने पानासकट दंश केला.

उंदरीण तिथेच, बिळाच्या तोंडात पडली. साप विष भिनायची वाट बघत राहिला. तिचं अंग निवत गेलं, मातीइतकं गार झालं. मग त्याला ना आई कळली, ना तिच्या आडचं पिल्लू. तो निघून गेला. तेव्हा पिल्लू कोपऱ्यातून आलं, तिला बिलगलं आणि विचारत राहिलं, "आई, तू गार का लागतेस?" बेडूक बाहेरून ऐकत होता.

तात्पर्य : माया सगळ्यांनाच असते, पण संकट कसं येतं हे कळल्यावर घाबरलेल्या क्षणीही ते आठवावं, नाहीतर ज्या मायेने जपायचं, तीच वैऱ्याला वाट दाखवते.