सात उपाध्यक्ष आणि एक पोतं

आमच्या बाजारात गिऱ्हाइकं कमी आणि उंदीर जास्त होते, तेव्हाची गोष्ट. धान्याच्या गोदामात उंदरांचा पक्ष घुशींकडून निवडणूक हरला. उरलेले सात उंदीर पांगू नयेत म्हणून अध्यक्ष गणबाअण्णांनी सातही जणांना उपाध्यक्ष करून टाकलं. सभेला पोतं अंथरणारी सखू खार हळूच म्हणाली, "अण्णा, मीही दोन शब्द बोलू का?"

"सखूताई, आधी पोतं झटका. पक्ष बांधायचाय."

पुढच्या सभेला सातही उपाध्यक्ष वेळेवर आले आणि गार फरशीवर उभेच राहिले. पोतं कोपऱ्यात घडी घालून पडलं होतं, पण उपाध्यक्षानं पोतं कसं उचलायचं?

"सखू कुठंय?" अण्णांनी विचारलं.

"घुशींकडे गेली," एक उपाध्यक्ष म्हणाला. "पोतं तिथंही तीच अंथरते. पण अंथरून झाल्यावर तिला बसा म्हणतात."