मंजूळबुवांचा एक शब्द

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि गवयांच्या नावामागं पदव्यांची शेपटं नव्हती. एका गवयाला ते शेपूट कसं फुटलं आणि कुठं भिजलं, तेच सांगतो. लहानांनी नीट ऐकावं. मोठ्यांनी त्याहून नीट ऐकावं, कारण हे दुखणं मोठ्यांचं आहे.

एका नदीकाठी दोर वळणारी एक बाई राहायची. अंबाडीचा वाख सोलायची, मांडीवर पीळ द्यायची, बैलाला बांधा नाहीतर विहिरीत सोडा, तुटणार नाही असा दोर करायची. सगळे तिला मावशी म्हणायचे.

तिच्या दारातली ती नदी मोठी लबाड. वरून अशी शांत, जणू आत्ताच देवपूजा करून बसलीय. पण मधोमध एक काळा खडक होता. खडकाच्या डाव्या अंगानं गुडघाभर पाणी, आणि उजव्या अंगाला डोह. त्या डोहाचा तळ कुणी पाहिला नव्हता, आणि ज्यांनी पाहिला ते सांगायला परत आले नव्हते.

मावशीची एकुलती एक लेक, हौसा, तिथंच गेली. पल्याडच्या जत्रेला निघाली होती. घाईघाईत खडकाला उजवीकडून वळली, आणि संपलं.

मावशी वर्षभर बोलली नाही. नुसता दोर वळत राहिली. मग एक दिवस दोराला पीळ देता देता तिच्या तोंडून गाणं आलं :

उंबरापाशी उतर बाई, पदर खोच कमरेला,
वीस पावलं समोर चाल, नजर ठेव खडकाला,
खडक आला की डावं घे गं, घाई नको पावलांना,
हौसा म्हणे, पल्याड जा गं, सांग माझं सगळ्यांना.

गाणं कसलं, वाटच होती ती. एका ठोक्याला एक पाऊल टाकावं, आणि गाणं संपेतो माणूस पल्याडच्या वाळूत. आणि शेवटच्या ओळीत नाव कुणाचं? घडवणाऱ्याचं घालायची रीत होती. मावशीनं स्वतःचं घातलं नाही. लेकीचं घातलं. लोकांच्या तोंडी तरी पोर नांदू दे, एवढंच तिचं मागणं.

फक्त मावशीचा आवाज म्हणजे… काय सांगावं? फुटक्या घागरीत खडे घालून हलवावेत तसा. ती गायला लागली की काठावरचे बगळे उडून जायचे. पण त्या आवाजाच्या मागून गेलेलं एकही माणूस कधी बुडालं नाही.

आता राजाचं सांगतो. राजा भला होता, पण भल्या माणसालाही कायदे करायची खोड असते. त्यानं दवंडी पिटवली : 'ज्यानं गाण्यात एक तरी शब्द घातला, त्याचं नाव गाण्यात आलंच पाहिजे!' गाणी जोडणाऱ्या गोरगरिबांचं नाव राहावं, हा त्याचा हेतू. हेतू सोन्यासारखा होता, पण कायद्याला भोक होतं, आणि त्या भोकातून पहिला कोण शिरला असेल? दरबारचे गवई, मंजूळबुवा.

बुवांचा गळा खरंच गोड. खोटं का बोला? ते गायला लागले की रडकी पोरं गप्प व्हायची आणि गप्प म्हातारे रडायचे. पण देवानं गळा दिला, तेवढ्यावर बुवांचं भागेना. त्यांनी एक युक्ती काढली. कुणाचं गाणं घ्यायचं, त्यातला एक शब्द उचलायचा, तिथं आपला ठेवायचा, की शेवटच्या ओळीत बूड टेकायला मोकळे.

कुंभाराच्या गाण्यात 'माती' होती, तिची 'मृत्तिका' केली. झालं, निम्मं गाणं बुवांचं! सुईणीच्या अंगाईत 'बाळा'चं 'बाळराजा' केलं. निम्मी अंगाई बुवांची! धनगराच्या गाण्यात तर शब्दसुद्धा बदलला नाही, मध्ये एक 'अहाहा' घातलं. धनगर भाबडा, तो म्हणाला, "बुवा, अहाहा तर माझी मेंढरंबी करत्यात!" बुवा म्हणाले, "त्यांना ताल असतो का?" धनगर मेंढरं हाकत निघून गेला. असल्या प्रश्नाला गरिबानं काय उत्तर द्यावं?

असे हे बुवा एकदा नदीवर आले. मावशीनं त्यांना गाणं म्हणत पल्याड पोचवलं. बुवांचे कान टवकारले. "मावशी, शिकवाल का?"

मावशी हरखली. "शिकवते की! जितक्या तोंडी जाईल तितकी माणसं वाचतील. तुमच्या गळ्यातून तर ते सात गावं जाईल."

गेलंच. पावसाळा सरला आणि सात गावांत जिकडंतिकडं तेच गाणं. एक कासार बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन नदीवर आला, तो गुणगुणतच. मावशी कौतुकानं ऐकत होती. तिसऱ्या ओळीला तिच्या हातचा दोर सुटला. चौथीला ती उभीच राहिली.

कासार गात होता : 'खडक आला की उजवं घे गं…' आणि शेवटी, 'मंजूळबुवा म्हणे, पल्याड जा गं…'

"कुणी शिकवलं रे तुला हे?"

"सगळीच म्हणत्यात, मावशी. आधी त्यात हौसा आणि बुवा अशी दोघंबी होती म्हणं. पण दोघं एका ओळीत मावंनात, ओळ अडखळायला लागली. मग हौसाला काढली."

बघा हं. एकदा पाण्यानं काढली, आता बुवांनी काढली.

मावशीनं आधी कासाराला डावीकडनं पल्याड लावलं. मग तशीच निघाली, पायात वहाण नाही, आणि थेट बुवांच्या दारात. बुवा मधाच्या पाण्यानं गुळण्या करत होते.

"बुवा, डाव्याचं उजवं कुणी केलं?"

बुवांनी सावकाश चूळ टाकली. "मी केलं. 'डावं' म्हणताना गळा आखडतो. आणि डावं अशुभ, मावशी. राजाच्या तोंडावर डावं-डावं काय म्हणायचं? उजवं कसं भरघोस वाटतं."

"अहो, उजवीकडं डोह आहे!"

"गाण्यात कुठं आहे डोह? गाण्यात मला दिसला नाही."

"गाण्यात नसंल, नदीत आहे!" मावशीचा आवाज असा चढला की बुवांचा पोपट पिंजऱ्यात उलटा झाला. "माझ्या पोरीचं नाव खाल्लंत, ते मी गिळलं असं समजा. नाव ठेवा तुमचं. जन्मभर ठेवा. पण तेवढं डावं मला परत द्या. माणसं मरतील हो!"

बुवा क्षणभर घुटमळले. माणूस अगदीच दगड नव्हता. पण मग हळूच म्हणाले, "मावशी, शब्द परत घेतला, तर माझं नाव कशावर राहील? त्या गाण्यात माझा तेवढाच तर शब्द आहे."

ऐकलंत? गाणं निम्मं त्यांचं म्हणून गावभर मिरवायचं, आणि घरात कबूल काय, तर एक शब्द! आणि तो एक शब्द सोडवत नाही, मग त्याखाली कुणी का बुडेना.

मावशी राजवाड्यावर गेली. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय तक्रार?" ती म्हणाली, "एका शब्दाची." तो पोट धरधरून हसला. एका शब्दासाठी कोण राजाला उठवतं? तिला परत पाठवलं.

मग मावशीनं एकच केलं. घरातला होता नव्हता तो सगळा वाख काढला आणि एक लांबच लांब दोर वळायला घेतला. आल्यागेल्याला बजावायची, 'डावं, बाबांनो, डावं.' लोक म्हणायचे, "मावशी, तुझं जुनं झालं. आता नवीन चाल आलीय." मग ती स्वतःच पुढं होऊन त्यांना डावीकडनं पल्याड पोचवायची.

जत्रेचा दिवस आला. राजा दरवर्षी लांबच्या वळशानं जायचा. यंदा म्हणाला, "गाणं असताना वळसा कशाला?" पुढं बैलगाडीत तंबोरा घेऊन मंजूळबुवा, मागं पालखीत राजा, त्यामागं अख्खा गाव, बायका, पोरं, नैवेद्याच्या टोपल्या.

मावशी उंबरापाशी आडवी आली. "थांबा! गाणं चुकलंय!"

शिपायानं तिला ढकललं. "ए मावशी, बाजूला हो. बुवांना सूर लागलाय."

वीस पावलं सगळे झोकात गेले. काळा खडक आला. बुवांनी डोळे मिटून तान घेतली, 'उजवं घे गं…' बैल थबकले. बैलांना कळलं. पण त्यांना गाण्यातलं काय कळतंय, म्हणून गाडीवानानं आसूड ओढला.

गाडी वळली आणि नाहीशीच झाली. जू तुटलं म्हणून बैल पोहून निघाले, बुवा नि गाडीवान त्या तुटक्या जुवाला लोंबकळत राहिले. तंबोरा एकटाच ऐटीत वाहत गेला. पालखीवाले छातीभर पाण्यात, राजाचा फेटा नदीला, मागून येणारी माणसं पुढच्यांना रेटतायत, पोरांचा आकांत. सगळे गाणं म्हणत होते ना! गाणं उजवीकडं नेत होतं, आणि ते जात होते.

मावशीनं दोराचं एक टोक उंबराला बांधलं, दुसरं हातात घेऊन ती पाण्यात शिरली. खडकावर चढली आणि तो फुटक्या घागरीचा आवाज तिनं आभाळापर्यंत नेला :

"खडक आला की डावं घे गं, घाई नको पावलांना!"

बगळे उडाले. लोक थांबले. ज्या आवाजाला वर्षानुवर्षं नाकं मुरडली, त्याच्याकडं सगळ्यांनी माना वळवल्या. मावशी एकेकाला दोर टाकून खडकाशी ओढत होती, तिथून डावीकडं लावून देत होती, आणि गात होती. पोरं गेली, बायका गेल्या, गाडीवान गेला, राजा गेला. एकही माणूस बुडालं नाही.

सगळ्यात शेवटी दोराला लागून आले मंजूळबुवा. खडकाला पालीसारखे चिकटले. पाऊल उचलेना.

"मावशी, हात धर गं माझा!"

"हात दोराला लागलाय, बुवा. गाण्याला धरा. म्हणा."

"काय म्हणू?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय म्हणायचं ते."

बुवांनी तोंड उघडलं. दात वाजत होते. "डा… डावं घे गं…" गळा आखडला नाही हो, अगदी सुरेख निघाला शब्द. एक पाऊल पडलं, दुसरं पडलं. शेवटची ओळ आली. बुवांनी मागं वळून डोहाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "हौसा म्हणे, पल्याड जा गं…"

त्यांच्या पायाला वाळू लागली.

पल्याडच्या काठावर राजानं तिथंच ओल्या अंगानं दरबार भरवला. "बुवा, परवा तुम्ही म्हणालात, निम्मं गाणं तुमचं. यात तुमचा वाटा नक्की किती?"

बुवा खाली बघून म्हणाले, "महाराज, एकच शब्द."

"कुठला?"

बुवांनी नुसतं डोहाकडं बोट दाखवलं. सगळा गाव काळ्या खडकाच्या उजव्या अंगाला बघत होता.

मग मावशी राजाकडं वळली. तिनं राजालाही सोडलं नाही. "आणि महाराज, तुमचा कायदा! शब्द घातला की नाही एवढंच तुम्ही बघितलंत. तो तारतो की बुडवतो, ते कोण बघणार? दारात आले होते सांगायला. हसून हाकललं."

राजाच्या डोक्यावर फेटाही नव्हता तोंड लपवायला. त्यानं तो कायदा तिथल्या तिथं मोडला. ज्याच्यात्याच्या गाण्यात ज्याचंत्याचं नाव परत आलं. धनगराचं गाणं अहाहा टाकून पुन्हा धनगराचं झालं. मग राजा म्हणाला, "मावशी, बुवांना शिक्षा तू सांग. जीभ कापू?"

"छे! गळा त्यांचा खरा आहे, तो कशाला मारायचा? त्यांनी गावं, आणि गाण्याचा मान घ्यावा. फक्त प्रत्येक गाण्याआधी उभं राहून सांगावं, यात माझे शब्द किती."

तेव्हापासून बुवा जिथं गेले तिथं उभे राहायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "हे कुंभाराचं गाणं. यात माझा शब्द एकही नाही." आणि गायचे. गंमत अशी, की त्यांचं गाणं लोकांना पूर्वीपेक्षा जास्त आवडायला लागलं.

फक्त नदीच्या गाण्याला बुवा वेगळं सांगत. आवाज जरा बारीक करून म्हणत, "हे हौसाच्या आईचं गाणं. यात माझा एक शब्द होता. तो मी त्या डोहात सोडून आलोय."

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा : आपल्या गुणाचा मान खुशाल घ्यावा, पण दुसऱ्याच्या कामाला नुसतं बोट लावून त्यावर आपलं नाव घालू नये.